किल्लारीहून सारचूपर्यंत

२०२२ साली पोळा झाल्यावर आम्ही किल्लारीचे चौघे मित्र मोटारसायकलींवरून लडाखला निघालो. ‘निघालो’ असंच म्हणावं लागेल; कारण लेहला आम्ही पोहोचलोच नाही. ते का, हेच आज सांगायचं आहे.

चौघे म्हणजे मी, एक शाळामास्तर, एक गॅरेजवाला आणि एक गुत्तेदार. चौघेही वर्गमित्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चाराला चार मिनिटं कमी असताना, भूकंप झाला त्या वेळी आम्ही शाळकरी पोरं होतो. आमचा गुत्तेदार तेव्हा माळवदाच्या घरात भिंतीखाली गाडला गेला होता. दुपारी त्याला जिवंत बाहेर काढलं. मोठेपणी त्यानं धंदा धरला तोही घरं बांधण्याचा! आम्ही निघालो तेव्हा त्याची आई म्हणाली, “गणपती बसायच्या तोंडावर कुठं निघालात रे बाबांनो?” तिला हात जोडून निघालो.

लातूर, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली करीत मनालीपर्यंतची वाट दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. तिचं वर्णन करीत बसत नाही. मनालीच्या अलीकडे नग्गर म्हणून गाव आहे, तिथं मात्र थांबायला हवं. तिथल्या जुन्या राजवाड्याच्या भिंती पाहून गुत्तेदार जागचा हलेना. दगडांचा एक थर, त्यावर देवदाराच्या तुळयांचा एक थर, कोपऱ्यात तुळया एकमेकींत गुंतवलेल्या. या पद्धतीला तिकडे काठकुणी म्हणतात. १९०५ साली कांगड्याला मोठा भूकंप झाला, हजारो माणसं मेली, पण हा वाडा उभा राहिला. आणि आपल्याकडची भिंत कशी? दोन-अडीच हात रुंद, गोलसर दगड मातीत रचलेले. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोहोंना बांधणारं काही नाही. वर माळवदाच्या पांढऱ्या मातीचा भार. हादरा बसला की दोन्ही पदर सुटायचे आणि सारं अंगावर. गुत्तेदार म्हणाला, “ह्यांच्याकडं लाकूड होतं, खरंय. पण आपल्याला मधून मधून भिंतभर लांबीचा एक जोडदगड तर टाकता आला असता!” पुढे बराच वेळ तो काही बोलला नाही.

मनालीच्या पुढे २०२० साली खुला झालेला नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा लागतो. त्यानं रोहतांगची घाटचढण वाचते, आणि तीच आम्हांला नडली. तांदीच्या पेट्रोलपंपावर पाटी होती : पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर. टाक्या भरल्या, कॅन भरले आणि चेव आल्यासारखे एकाच दिवसात बारालाचा खिंड ओलांडून सारचूला मुक्कामाला गेलो. खिंड सोळा हजार फुटांची. झाड नाही, झुडूप नाही. नुसते उभे-आडवे दगडांचे थर. मास्तर सांगत होते, हा सारा एका जुन्या समुद्राचा तळ. आपली भारतभूमी वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते, आशियाला रेटते, त्यातून हा हिमालय उचलला गेला; आणि त्याच रेट्याचा ताण आपल्या काळ्या पाषाणाखालीही साचतो, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. गुत्तेदार हसून म्हणाला, “म्हंजे माझं घर पाडणारा इथं बसलाय होय?”

सारचू चौदा हजार फुटांवर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच. रात्री तंबूत गुत्तेदार उठून बसला. “छातीवर भिंत पडल्यावानी वाटतंय,” म्हणाला. आता तुम्हीच सांगा, आम्हांला काय वाटणार? आम्हांला वाटलं, जुनी भीती वर आली. मी त्याचा हात धरून बसलो, मुलाबाळांच्या गोष्टी काढल्या. यात दोन तास गेले. एम. ए. झालेला माणूस मी, पण त्याला बसल्या जागी धाप लागते आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ते आलं तंबूवाल्याच्या. त्यानं गुत्तेदाराला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तो तिसऱ्या पावलाला कलंडला. “इसको अभी नीचे ले जाओ,” तंबूवाला म्हणाला. पण सारचूची गंमत अशी की, तिथून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. दोन्ही बाजूंना खिंडी. तंबूवाल्यानं प्राणवायूची नळकांडी दिली, स्वतः जीप काढली. काळोखात बारालाचा पुन्हा ओलांडताना मी नळीवर हात ठेवून नुसता त्याचा श्वास मोजत होतो. जिस्पा साडेदहा हजार फुटांवर आहे. तिथं उजाडता उजाडता त्यानं पाणी मागितलं. केलाँगच्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासून त्याला ठेवून घेतलं आणि पुन्हा वर जाण्याची मनाई केली.

एकट्यानं पुढं जावं असं कुणालाच वाटलं नाही. दोन दिवसांनी त्याला सोडलं. मग जिस्प्यात भागा नदीच्या काठी आम्ही ऊन खात बसलो. समोर एक जुनं घर होतं, सपाट मातीच्या छताचं, थेट आपलं माळवद. गुत्तेदार काठी टेकत गेला, भिंतीला हात लावून आला आणि वहीत रेघा मारू लागला. तेवढ्यात घरून त्याच्या आईचा फोन : लेह कसं आहे?

“थंड आहे,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून त्यानं डोळा घातला. ती माउली रेडिओ ऐकते. आज तिला खरं काय ते कळेल.