सात दिवसांचं शिबिर आणि आठवा दिवस

(महाविद्यालयीन सेवा शिबिरांविषयी झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



मला 'विद्यार्थिनी आणि समाजसेवा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी त्यातल्या फक्त सात दिवसांबद्दल बोलणार आहे.

इथे बसलेल्या बऱ्याच जणी एन.एस.एस.मधून आल्या असतील. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सुट्टीत एक सात दिवसांचं निवासी शिबिर, ही आपल्याला माहीत असलेली चौकट. दिवाळीनंतर पोरंपोरी टेम्पोतून दत्तक गावात उतरतात. झेडपीच्या शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्य.

या शिबिरांची मला टिंगल करायची नाही. मला घरून परवानगी मिळावी म्हणून आमचे सर स्वतः घरी आले होते, वडिलांना शब्द देऊन गेले. घराबाहेर सलग सात रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा काढल्या. माझ्याबरोबरच्या दोघींचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. त्यांच्या वाट्याला तशा सात रात्री पुन्हा आल्या असतील असं मला वाटत नाही. मुलींना शिबिराला पाठवू नका असं कोणी म्हणालं तर मी आधी भांडेन.

आता २००९ च्या डिसेंबरातली गोष्ट सांगते. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं, साठेक घरांचं. आम्ही पोचलो तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात, हे बीडमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण शिबिराची तारीख विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून ठरली होती. गावात होत्या म्हाताऱ्या, लहान मुलं आणि ज्यांना काही कारणाने जाता आलं नाही अशा मोजक्या बाया. त्या बायांनीच आमच्यासाठी विहिरीवरून पाणी आणलं. सत्तर जणांचं पाणी! आमच्या अहवालात श्रमदानाचे तास आले, ते पाणी कुठेच आलं नाही.

पहिल्याच सकाळी गट पाडले. मुलांकडे वनराई बंधारा, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढा अडवायचा. मुलींकडे स्वयंपाक आणि सर्व्हे. सर्व्हे हे हलकं काम, म्हणून आमच्याकडे. छापील फॉर्ममध्ये संडास, रेशनकार्ड, मुलांचं शिक्षण वगैरे होतं आणि शेवटी एक प्रश्न होता, 'घरात स्त्रियांना मारहाण होते का?' तो आम्ही अंगणात उभं राहून विचारत होतो. बाजूला सासू शेळीला पाला घालते आहे, आणि आम्ही पेन घेऊन तयार.

एक बाई 'हो' म्हणाली. ती ओली बाळंतीण होती. टोळीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. ती जाऊ शकणार नव्हती म्हणून मुकादमाने उचल दिली नव्हती आणि नवराही घरीच होता. त्या घरात त्या वर्षी काय चाललं असेल हे आज मला समजतं. तेव्हा मी फक्त 'हो' वर टिक केली आणि मनातून खूश झाले, की आपल्याला कोणी तरी खरं सांगितलं.

सातव्या दिवशी समारोप. व्यासपीठावर सरपंच, चेअरमन, प्राचार्य. अहवाल वाचायला मला उभं केलं. मी वाचलं, 'गावातील चार महिलांनी घरात मारहाण होत असल्याचे सांगितले.' नावं नव्हती. पण निम्मं गाव कुलूपबंद असताना त्या चार कोण हे ओळखायला नावं कशाला लागतात? टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रं मिळाली, दुपारी टेम्पो आला.

महिन्याभराने आम्ही तिघी बंधारा बघायला गेलो. पाणी बऱ्यापैकी अडलं होतं. तिचं दार लावलेलं होतं. शेजारची मावशी म्हणाली, "तुम्ही गेलात गाडीत बसून. तिनं कुठं जायाचं?" लेकराला घेऊन तिला माहेरी धाडलं होतं, आणि आणायला कोणी जाणार नव्हतं. पुढचं मला कळलं नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या मुलाखतीत 'या क्षेत्रात का आलात' असं विचारलं, तेव्हा मी ही गोष्ट सांगितली नाही. गांधी, बाबा आमटे असं काहीतरी सांगितलं.

घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तेव्हा लागू होऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या शिबिराच्या वहीत किराण्याची यादी होती, आचाऱ्याचा फोन नंबर होता. संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आज १८१ ही हेल्पलाइन आहे, ती मुलींना पाठ असते. पण मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो, हे त्यांना आपणच सांगावं लागतं.

एका प्राध्यापक बाईंनी मला विचारलं, "मग मुलींनी हिंसेबद्दल विचारायचंच नाही का?" माझं मत आहे, सात दिवसांसाठी आलेल्या मुलीने फॉर्म घेऊन तर नाहीच विचारायचं. आठव्या दिवशी त्या गावात जी असणार आहे तिने विचारावं, तेही पाणवठ्यावर, एकटीला गाठून, ओळख झाल्यावर. मुलींनी पाण्याच्या खेपा मोजाव्यात, रेशनकार्डावर, सातबारावर बाईचं नाव आहे का ते पाहावं, अर्ज भरून द्यावेत. हे काम काही कमी नाही. आणि मुलांनी भाकरी थापायला शिकावं. मुलींनी गोण्या भरायला आमची कधीच ना नव्हती, सरांची होती.

गेल्या दोन वर्षांत आमच्या गटाने दोन कॉलेजांना तीन गोष्टी मान्य करायला लावल्या. टोळ्या जाण्याआधी, पावसाळ्यातच गावात एक फेरी मारायची. समारोपात गावाबद्दल आकडे वाचायचे नाहीत. आणि शिबिरात तालुक्यातली एक कार्यकर्ती मुक्कामाला राहील, ती नंतरही दर महिन्याला गावात जाईल. तिसरी अट कॉलेजांना नाही, आपल्याला जड जाते. गेल्या वर्षी एका गावात मीच चार महिने फिरकले नाही.

यंदा आपल्या जिल्ह्यात कोणत्या कॉलेजांची शिबिरं कुठे आहेत, ती यादी मी आणली आहे. अकरा गावं आहेत. जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलापाशी मी बसते. ज्यांना खरंच दर महिन्याला जाणं जमेल त्यांनीच गावासमोर नाव लिहा, बाकीच्या रकाना रिकामा ठेवा.