रोला येथील मुक्काम



हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात मोटार जात नाही. तीर्थन खोऱ्यातील गुशैणीपासून वनखात्याचा परवाना घेऊन, नदीच्या कडेने दाट झाडीतून सुमारे दहा किलोमीटर चालले म्हणजे रोला लागते. बहुतेक प्रवाशांचे तंबू येथेच पडतात. मंडळातील आम्हां चार कुटुंबांचेही पडले. रात्री तीर्थनचा घोष असा, की शेजारच्या तंबूतील घोरणेही ऐकू येईना!

आमचे सामान खालच्या गावातील एका गृहस्थांनी वाहून आणले होते. स्टोव्हपाशी चहा घेताना ते बोलू लागले. 1999 साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि वरच्या कुरणांत मेंढ्या चारण्याचे, जडीबुटी खणण्याचे गावांचे पिढीजात हक्क संपुष्टात आले. 2014 साली युनेस्कोने उद्यानास जागतिक वारशाचा मान दिला. जुजुराणासारख्या दुर्मिळ पक्ष्यास निवारा लाभला, हे इष्टच झाले. (आम्हांस मात्र त्याने दर्शन दिले नाही.) परंतु ज्यांचे आजोबा याच वाटेने कळप नेत, ते आज आमच्या सतरंज्या वाहत होते. अधिसूचनांच्या मसुद्यांवर आमची उभी हयात गेली. अधिसूचनेच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आम्हांस प्रथमच भेटला. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, त्यामुळे तर उत्तर देणे अधिकच कठीण झाले.

सकाळी निघताना त्यांनी तंबूची जागा स्वतः फिरून पाहिली आणि कोणीतरी टाकलेला गोळीचा कागद उचलून खिशात घातला.