आणखी काय घेता?

माझ्या फॅमिली डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

आपल्या या जिल्हा अधिवेशनात आज एमबीबीएस आहेत, बीएएमएस आहेत, बीएचएमएस आहेत. एरवी एकमेकांसमोर जो विषय काढायचा आपण टाळतो, तो आज इथेच काढायला हवा असं मला वाटतं. कॅन्सर उलटल्यावर रुग्ण दुसऱ्या उपचारांचा विचार करू लागतो, तेव्हा आपण काय करायचं?

सुरुवात घरापासून करतो. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, शेक, सगळं तिने नेटाने पार पाडलं. चार वर्षं बरी गेली. पाचव्या वर्षी कंबर दुखू लागली आणि स्कॅनमध्ये दिसलं की रोग हाडांत पोचला आहे. त्या रात्री ती मला म्हणाली, "अरे, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. तरी परत आलाच. आता झाडपाल्याचं बघू का?" मी चिडलो. "असल्या नादाला लागू नकोस," एवढं बोलून उठलो.

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. दोन महिन्यांनी तिच्या यकृताचे रिपोर्ट बिघडले आणि केमो पुढे ढकलावी लागली. कारण कुणालाच सापडेना. शेवटी माझ्या पत्नीला देव्हाऱ्यामागे पुड्यांचा डबा सापडला. पुड्या थांबवल्यावर यकृत सावरलं, केमो पुन्हा सुरू झाली, पण मधले सहा आठवडे गेले ते गेलेच. ते पुड्यांनी नेले असं मी बरीच वर्षं सांगत होतो. आता मला कळतं, माझ्या त्या एका वाक्याचाही त्यात वाटा होता. घरात डॉक्टर असून तिला औषध डॉक्टरपासूनच लपवावं लागलं.

आजार उलटला की रुग्णाचं नेमकं काय बदलतं, ते आपण समजून घेतलं पाहिजे. पहिल्या वेळी त्याच्या हातात वेळापत्रक असतं. इतक्या सायकली, इतके शेक, मग तपासणी. दुसऱ्या वेळी "किती दिवस घ्यायचं?" असं विचारलं, तर "लागू पडेल तोवर" असं उत्तर मिळतं. मोठ्या रुग्णालयातल्या गर्दीत त्याच्या वाट्याला काही मिनिटं येतात. पुडी देणारा माणूस मात्र तासभर हात हातात घेऊन ऐकतो आणि वर सांगतो, "याचा साईड इफेक्ट नाही." तोवर मोबाईलवर कुणी लक्ष्मणफळाची माहिती धाडलेली असते, कुणी गव्हांकुराच्या रसाची. अशा वेळी माणूस तिकडे वळला, तर तो अडाणी ठरत नाही. जिथे त्याचं ऐकलं जातं तिथे तो जातो.

उलटलेला प्रत्येक कॅन्सर सारखा नसतो, हेही त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. हॉजकिन लिम्फोमा किंवा वृषणाचा कॅन्सर परत आला, तरी तो पुरता बरा होण्याची शक्यता अनेकदा शिल्लक असते. हाडांत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुधा रोग आटोक्यात ठेवणं हेच ध्येय असतं, पण त्यातही चांगली वर्षं हाती लागू शकतात. "आता काय उरलंय?" हा प्रश्न तो आपल्याला विचारतो, कारण आपण त्याच्या गल्लीत बसतो. त्याचं खरं उत्तर मिळवून द्यायचं, त्यासाठी मोठ्या डॉक्टरांना फोन करायचा, हे आपलं काम आहे.

आता पुराव्याचं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोग दूरवर पसरलेला नसताना ज्यांनी प्रचलित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, असे २८१ रुग्ण त्यांनी तपासले. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त. हा अभ्यास उलटलेल्या आजाराचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण उपचार शिल्लक असताना ते सोडण्याची किंमत केवढी असते, ते त्यातून दिसतं. जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यापासून बनवलेल्या लेट्राइलचा एके काळी मोठा गाजावाजा झाला होता. १९८२ साली १७८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. फायदा काहीच दिसला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड विषारी पातळीच्या जवळ गेलं होतं.

म्हणून झाडपाल्याला हसायचं का? मुळीच नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन आलं आणि आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते रोज वापरलं जातं. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्‍रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. १९९२ साली अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली, तीही आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. या दोघांनीच शोधलेलं कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे.

आणि सोमल! आपल्या जुन्या वैद्यकाला सोमल ठाऊक होता, चिनी वैद्यकालाही होता. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी तो शुद्ध करून, मात्रा ठरवून एका विशिष्ट रक्ताच्या कॅन्सरमध्ये शिरेवाटे दिला. २००० साली अमेरिकेनेही त्याला मान्यता दिली, आणि ती नेमकी उलटलेल्या आजारासाठी होती. तोच सोमल एखाद्या निनावी पुडीत असेल, तर तो विष आहे. ड्रिपमधून देताना त्याची मात्रा ठाऊक असते, हृदयाचा आलेख वारंवार काढला जातो, रक्त तपासलं जातं. औषध कुठल्या परंपरेतून आलं याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे. ते तपासणीला सामोरं गेलं का, एवढंच मी विचारतो, आणि हाच प्रश्न मी ॲलोपॅथीच्या महागड्या नव्या गोळीलाही विचारतो.

मग रुग्णाला काय सांगायचं? आपल्या मराठीत दोन साधे शब्द आहेत : 'जोडीला' आणि 'ऐवजी'. थकवा, झोप आणि चिंता यांसाठी योग आणि श्वसनाचे व्यायाम उपचारांच्या जोडीला जरूर करावेत. भजन, देवदर्शन, आवडीचं जेवण, यांनाही कुणी आडकाठी करू नये. पण पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी दाखवावी, कारण 'नैसर्गिक' वस्तूही यकृतावर ताण आणू शकते आणि केमोशी भांडू शकते. आणि 'ऐवजी' हा शब्द कानावर आला, की आपण खुर्ची जवळ ओढून बसावं. देणारा त्यात काय आहे ते लिहून देतो का? बिल देतो का? चालू उपचार बंद करायला सांगतो का? बरं होण्याची हमी देतो का? कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

केमो थांबवण्याचा निर्णय कधी कधी योग्यही असतो. तेव्हा पुडीवाल्याकडे जाण्याआधी रुग्णाला वेदनाशामक शुश्रूषेचा रस्ता माहीत असला पाहिजे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करत आहे. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच अशी शुश्रूषा दिली, तर ते अधिक सुखाने आणि काही महिने अधिकही जगले, असं २०१० साली बॉस्टनच्या डॉक्टरांना आढळलं. मॉर्फिनची गोळी म्हणजे हार मानणं, हा समज आधी आपल्या मनातून जायला हवा.

या अधिवेशनाकडे माझं एकच मागणं आहे. उद्यापासून कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ वाढवा : 'आणखी काय घेता?' हे विचारताना आवाज चढू देऊ नका. बीएएमएस मित्रांनो, यात तुमची गरज सर्वांत जास्त आहे. जाणत्या वैद्याने "ही पुडी आयुर्वेद नव्हे" असं सांगितलं, तर रुग्ण ते माझ्यापेक्षा लवकर मानेल.

आक्का त्यानंतर तीन वर्षं होती. दर भेटीत मी तिला हा प्रश्न विचारत गेलो. सुरुवातीला ती नुसती मान हलवायची. शेवटच्या वर्षी मी दारात दिसलो, की ती स्वतःच डबा काढून माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "बघ रे, यातलं काय चालेल?"

तो डबा आपल्यापुढे उघडला जावा, एवढा विश्वास आपण कमवू या.