खाजणात हात कुठे घालावा?



पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर मासे-कोळंबी, ही गोव्याच्या खाजणांची जुनी रीत. भरतीबरोबर पिल्ले आपोआप येतात, कुजणाऱ्या धसकटांवर पोसतात. खाद्य नको, औषध नको.

हल्ली विचारणा होते की, इथेच बी सोडून उत्पन्न का वाढवू नये? व्हेनामी कोळंबीला भारतात २००९ साली परवानगी मिळाली. ती दाट सोडतात. मग पाण्यात हवा खेळवणे, खाद्य तपासणे, पहाटे प्राणवायू मोजणे हे रोजचेच. एका रात्रीच्या दुर्लक्षाने तळे बसते. शिवाय परवाना लागतो तो वेगळाच. माझे मत विचाराल तर ज्याला भात हवा, त्याने माशांना हात लावू नये.

बांधाला आणि मानशीला मात्र लावलाच पाहिजे. कोकणात तिला आपण उघाडी म्हणतो. तिची झडप भरतीच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. फळी कुजली किंवा मध्ये लाकूड अडकले की खारे पाणी आत शिरते. खेकड्यांची बिळे चिखलाने वेळीच बुजवा. उधाणात त्याच बिळाचे खांड होते.

मासळीच्या लोभाने भर खरिपात झडप उघडी ठेवण्याचे प्रकारही घडतात. 'कोरगुट' खारटपणा सोसते, पण रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात भात मिठाला फार नाजूक. मासळीचा लिलाव घेणारा आणि भात लावणारा वेगळे असतील, तर झडप केव्हा उघडायची हे लिलावापूर्वीच लिहून घ्यावे.