बारावीनंतर सर्वांनीच कॉलेजात जावे काय?

(गेल्या २६ जून रोजी शाहू जयंतीनिमित्त एका गावच्या चावडीपुढे भरलेल्या सभेत तेथील प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी केलेले भाषण.)



आज छत्रपती शाहू महाराजांची जयंती. या दिवशी तसबिरीस हार घालावा, नारळ फोडावा, महाराजांच्या नावाचा जयजयकार करावा आणि आपापल्या घरी जावे, असा आपला दरसालचा रिवाज आहे. तो मला मोडावयाचा नाही. परंतु गेले पंधरा दिवस शाळेच्या व्हरांड्यात, एस.टी.च्या थांब्यावर आणि दूध घालावयाच्या रांगेत जो तो मला एकच प्रश्न विचारीत आहे : "गुरुजी, पोराला आता कुठं घालू?" कोणी पुण्याचे नाव घेतो, कोणी इंजिनिअरिंगचे; कोणी म्हणतो, बी.ए.ला टाकू, घरी बसण्यापेक्षा बरे. तेव्हा महाराजांच्या जयंतीस शोभेल असा हाच विषय मी आज घेतो. शाळा संपलेल्या प्रत्येक मुलाने विद्यापीठाची पायरी चढलीच पाहिजे काय?

मी काही विद्वान नव्हे. माझा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबला. बारावी झाल्यावर दोन वर्षांचे अध्यापक विद्यालय केले आणि हाती खडू घेतला. कॉलेजचा वर्ग आतून कसा असतो हे मी पाहिलेले नाही. बी.ए.ची पदवी तिशी ओलांडल्यावर, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, रात्री पोरे निजल्यावर पुस्तके वाचून मिळविली. म्हणून मी जे सांगणार आहे ते पोथीतले नाही. वीसबावीस वर्षांच्या मास्तरकीत जे पाहिले, आणि जेथे माझे चुकले, तेच सांगणार आहे.

हल्ली शहाण्या लोकांच्या तोंडी एक वाक्य फार ऐकू येते : "कॉलेज सर्वांसाठी नसते." वाक्य खोटे नाही. पण ते कोण कोणास सांगतो, हे आधी पाहावे. साहेब शिपायाच्या मुलास सांगतो, बागाईतदार मजुराच्या मुलास सांगतो. स्वतःच्या मुलास मात्र तो हे कधी सांगत नाही! आपल्या मुलास गणित येत नसले तर शिकवणी लावतो, दोनदा नापास झाला तर तिसऱ्यांदा बसवितो, आणि दुसऱ्याच्या हुशार पोरास म्हणतो, "हाताला कसब लाव, लवकर मिळवता हो." हा उपदेश नव्हे, बंधूंनो, ही वाटणी आहे. ताटातले तूप एकाच्या भातावर आणि उपदेश दुसऱ्याच्या!

ही वाटणी आजची नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यातून होणारा उच्च शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात! प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, खेड्यातील मुलांस हिशेब, आरोग्य, शेतकीचे ज्ञान द्या, अशी त्यांची मागणी होती. आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे पाहा. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातला मुलगा मॅट्रिक होणे ही केवढी नवलाई! "आता पुरे झाले, कारकुनी धर" असे म्हणणे किती सोपे होते! ते तेथे थांबले नाहीत. १९१२ साली बी.ए. झाले, आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. ते मॅट्रिकवर थांबले असते तर नुकसान एकट्या घराचे झाले असते काय?

ही झाली एक बाजू. आता दुसरी ऐका, कारण आपल्या गावचे घर सध्या त्या बाजूने गळते आहे.

पदवी म्हणजे जणू ताईत. तो गळ्यात बांधला की नोकरी आपोआप चालत येते, अशी आपली समजूत झाली आहे. जागतिक मजूर संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली आपल्या देशाच्या रोजगाराविषयी अहवाल काढला. त्यात २०२२ सालचे आकडे आहेत. कामाच्या शोधात असलेल्या वा काम करणाऱ्या पदवीधर तरुणांपैकी शेकडा २९ बेकार, आणि ज्यांस लिहितावाचता येत नाही अशा तरुणांत बेकार शेकडा ३ ते ४. याचा अर्थ अडाणी राहणे बरे, असा कोणी घेऊ नये. गरिबास बेकार बसणे परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर तो जातो. पदवीधर वाट पाहतो. पण वाट पाहणाऱ्यास जेवू कोण घालतो? म्हातारा बाप!

माझ्याच धंद्याचे उदाहरण घ्या. माझ्या वेळी डी.एड. झाला की पोरगा मार्गी लागला असे समजत. ते पाहून जो तो डी.एड.कडे धावला आणि खेडोपाडी अध्यापक विद्यालये निघाली. पुढे २०१० नंतर भरती वर्षानुवर्षे रखडली आणि पुष्कळ विद्यालयांस कुलुपे लागली. प्रमाणपत्र तेच, अभ्यास तोच, पण माझ्या मागून आलेली माझ्याहून हुशार पोरे आज दुकानात हिशेब लिहीत आहेत. एकाच दाराशी सगळ्यांनी गर्दी केली की ते दार कितीही मोठे असले तरी अपुरे पडते.

आता माझ्या दोन चुका सांगतो. ज्यांच्याविषयी सांगतो त्यांची नावे घेणार नाही. तुम्हीही शोधू नका.

पहिली चूक. एका शेतकऱ्याच्या मुलास इंजिनिअरिंगला घालावे असे मीच सांगितले. मुलाचे चित्त यंत्रात नव्हते, जनावरांत होते. गाय अडली तर रात्री त्यालाच उठवीत. पण बापाच्या डोळ्यांपुढे साहेबी होती आणि माझ्या डोळ्यांपुढे शाळेची कीर्ती. ओढ्याकाठचे अर्धा एकर रान विकले. चार वर्षांचे शिक्षण सहा वर्षे चालले, तरी विषय राहिलेच. आज त्या रानात दुसऱ्याचा ऊस उभा आहे, आणि तो पोरगा बाजाराच्या दिवशीही चावडीकडे येत नाही. त्याला कोणी विचारील ना, "इंजिनिअर, काय चाललंय?"

दुसरी चूक याहून मोठी. एका मजुराचा मुलगा गणितात असा होता की मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत त्याचे उत्तर तयार. दहावी झाल्यावर तो बापाबरोबर माझ्याकडे आला. मी म्हटले, "आय.टी.आय.ला जा, फिटर हो, दोन वर्षांत घराला हातभार लागेल." त्याच आठवड्यात एका बऱ्या घरचा मुलगा आला. त्याचे गणित यथातथाच. त्यास मी विज्ञान शाखा सुचविली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुष्कळ वर्षांनी तो मजुराचा मुलगा जत्रेला आला. चाकणला कारखान्यात फिटर आहे, बहिणीचे लग्न त्यानेच केले, घरावर पत्र्याऐवजी स्लॅब आली. पाया पडून तो म्हणाला, "गुरुजी, माझं वाईट काही झालं नाही. पण त्या दिवशी तुम्ही माझ्या बापाचं घर बघून सांगितलंत. माझी वही बघून नाही."

बंधूंनो, या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. फिटर होणे हलके नाही. तो मुलगा मानाने भाकरी खातो. पण निवड त्याची नव्हती. पहिल्या मुलास मी कॉलेजात ढकलले, दुसऱ्यास कॉलेजबाहेर, आणि "तुला काय व्हायचं आहे?" हा प्रश्न मी दोघांसही विचारला नाही!

म्हणून आजच्या प्रश्नास माझे उत्तर असे. प्रत्येकाने कॉलेजात गेलेच पाहिजे असे नाही. परंतु कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हे जातीने, बापाच्या सातबाऱ्याने किंवा मास्तरच्या आळसाने ठरता कामा नये. ते मुलाच्या वहीने आणि मुलाच्या मनाने ठरले पाहिजे.

शाहू महाराजांनी विद्या आणि धंदा यांत भांडण लावले नाही. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले, आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातल्या पोरांस वरचे शिक्षण घेता यावे म्हणूनच. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. त्याच महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वाढविली, १९०६ साली कापडाची गिरणी सुरू केली, आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला, तो अस्पृश्य म्हणविलेल्या माणसाचा धंदा चालावा म्हणून. एका हाताने पुस्तक दिले, दुसऱ्या हाताने तराजू. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकचा उंबरठा ओलांडू शकले नाहीत. किर्लोस्करांचे नांगर विकीत ते गावोगाव फिरले. पण १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले. तेथे मुले राबत आणि शिकत. आपल्याला पदवी नाही म्हणून त्यांनी पदवीस नावे ठेविली नाहीत, आणि पदवी देता आली म्हणून कुदळीस लाजही मानली नाही.

माझ्या मुलांनो, वाटा अनेक आहेत, आणि एका वाटेवरून दुसरीवर येता येते, हे आपल्या खेड्यात पुष्कळांस ठाऊक नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यास पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. पदविका झालेल्यास इंजिनिअरिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षास. १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यांत उमेदवार घेतात आणि शिकता शिकता विद्यावेतन देतात. ज्यांस पोटासाठी काम सोडणे शक्य नाही त्यांस मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मीच त्याची साक्ष. त्या फिटर मुलास मी हे तेव्हा सांगावयास हवे होते. मला तेव्हा ते माहीत नव्हते, हीही माझीच चूक.

मुलींच्या आईबापांस वेगळे सांगतो. मुलगा कॉलेजात गेला नाही तर तो कामास लागतो. मुलगी गेली नाही तर पुढच्या मार्गशीर्षात तिच्या लग्नाची पत्रिका छापली जाते. म्हणून "सर्वांनी कशाला शिकावयास हवे" हे वाक्य मुलीच्या बाबतीत उच्चारताना दहादा विचार करा. तिला वर्ग आवडो वा कारखाना, चार वर्षे तिची तिला मिळू द्या. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील घरांच्या मुलींस, नियमाप्रमाणे प्रवेश मिळाल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली केला आहे. "फी कोठून भरू?" म्हणण्यापूर्वी निदान चौकशी करा.

२०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशात १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येच्या मानाने उच्च शिक्षणात शेकडा २८ च नोंदले आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत शेकडा ५० चे उद्दिष्ट ठेविले आहे, आणि त्यात धंदेशिक्षणही धरले आहे. म्हणजे ते साधले तरी निम्मी तरुण पिढी बाहेरच राहील. ती आपलीच पोरे आहेत. त्यांच्या वाट्यास नुसती टिंगल येऊ नये.

शेवटी गावकऱ्यांस माझ्या चार विनंत्या आहेत. अर्ज भरण्यापूर्वी एक रात्र मुलास जवळ बसवून त्याचे मन विचारा. ज्या कॉलेजात घालणार तेथे आधी स्वतः जाऊन या. प्रयोगशाळेला कुलूप असेल तर फी भरू नका. फीसाठी रान विकू नका; आधी शिष्यवृत्ती, वसतिगृह, कमवा व शिका यांची चौकशी करा. आणि जत्रेत डॉल्बीवर जो पैसा आपण एका रात्रीत उडवितो, त्यातला निम्मा गावच्या शिक्षणनिधीत टाका. त्यातून कॉलेजास जाणाऱ्यास पुस्तके मिळोत आणि वेल्डिंग शिकणाऱ्यास हत्यारे. दोघांस सारख्या मानाने.

उद्यापासून रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तासभर व्हरांड्यात बसेन. ज्या मुलास पुढचे ठरवावयाचे असेल त्याने यावे, येताना आपली वही आणावी. बापाचे घर मी पाहणार नाही.