धाडस कोणाला परवडते?

उद्योगातील यश श्रमाने मिळते, दैवाने की धाडसाने, हा वाद जुना आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात शोधावे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापाऱ्यांनी त्यासाठी अधिक श्रम केले होते काय? १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. बँक ऑफ बॉम्बेने शेअरांच्या तारणावर दिलेली कर्जे बुडाली व १८६८ मध्ये ती बँकच मोडीत निघाली. सट्टा काहींचा, तोटा मात्र अनेकांचा!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण वेगळे. त्यांची चिकाटी वादातीत आहे. परंतु बेळगावची जागा सोडावी लागल्यावर, १९१० साली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन व कर्ज दिले नसते, तर किर्लोस्करवाडी उभी राहिली असती काय?

श्रम आवश्यक आहेत, पुरेसे नाहीत. शेतमजूर जन्मभर राबतो. पण एकदा हरल्यावर पुन्हा उभे राहण्याइतका आधार त्याच्यापाशी नसतो. धाडस हा केवळ स्वभावाचा गुण नव्हे. त्याला हरण्याची ऐपत लागते. म्हणून यशस्वी माणसाचा गौरव अवश्य करावा. मात्र तो पडला असता तर त्याला सावरणारे कोण होते, हेही विचारावे. आणि ज्यांना सावरणारे कोणीच नाही, त्यांच्यासाठी समाजाने कोणती तजवीज केली आहे?