शिवलेली वही आणि पहिली नोंद

बेळगावच्या पेढ्यांवर कीर्द-खतावणी लिहिणारी माणसे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. वही शिवलेली असे. मधले पान फाडले तर दोऱ्यापाशी कळे. संगणकातला आकडा मात्र मागे जाऊन बदलला, तर सहसा मागमूस राहत नाही.

ब्लॉकचेन म्हणजे संगणकातली शिवलेली वही. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. एक आकडा बदलला की ठसा जुळत नाही. शिवाय वहीच्या प्रती अनेकांकडे असतात. ही कल्पना बिटकॉइनहून जुनी. १९९१ साली अमेरिकेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी तिचा पाया घातला. १९९५पासून त्यांची कंपनी असा ठसा चक्क 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. घरोघरी गेलेले वर्तमानपत्र कोण बदलणार?

आता लसीकडे या. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. (आमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांना हा त्रास नाही!) हिपॅटायटिस बीची लस एकदा गोठली की तिचे बळ जाते, आणि बाळाच्या आईला कुपीकडे पाहून ते समजत नाही. म्हणून साठ्यात तापमान टिपणारे यंत्र ठेवतात. स्वित्झर्लंडमधील मोडम या कंपनीने औषधांच्या खोक्यांतील अशी यंत्रे ब्लॉकचेनला जोडून पाहिली. वाटेत कोणी आकडा गुपचूप सुधारू नये, हा हेतू. तो मला पटतो.

पण यंत्रच भलत्या फ्रीजमध्ये ठेवले तर? वही खोटी नोंदही तितक्याच निष्ठेने जपते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. अशा कॅमेऱ्याच्या नोंदीला ब्लॉकचेन काय करणार? तेव्हा विक्रेत्याने तो शब्द उच्चारला की आधी विचारा: पासवर्ड बदलता येतो का, आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती किती वर्षे मिळेल?

नातवाला सरकारी केंद्रात लस टोचायला न्याल, तेव्हा कुपीवरची वर्तुळाची खूण पाहा. आतला चौकोन वर्तुळाइतका गडद झाला असेल, तर ती लस वापरायची नसते. ही खूण उष्णतेची आहे, गोठल्याची नाही. गोठल्याचे विचारायचे तर साठ्यातल्या यंत्राचीच नोंद मागावी लागते.